द्वारकाबाईंचं पथ्य

बेंबळीच्या द्वारकाबाईंना चार प्रश्न विचारल्याशिवाय घास गोड लागत नाही. बोअर मारणारी गाडी गावात आली की खाली पाणी लागलंय हे वर उभ्या माणसाला आधी कसं कळतं, ते गाडीवाल्याला विचारून येतात. एसटीत बसल्या तर कंडक्टरची सुटका नसते. वय पासष्टीच्या पुढं, साखरेचा आजार जुना, पण जीभ आणि डोळे विशीतले. गाव त्यांना पाठीमागं ‘वकिलीणबाई’ म्हणतं आणि त्यांना ते ठाऊक आहे.

यंदा मात्र त्यांच्या चौकशीमागं खरीच काळजी होती. मागच्या थंडीत त्यांचे मालक, उत्तरेश्वर अण्णा, फ्लूनं असे आडवे झाले की धाराशिवला नेऊन ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. अण्णांना दमा आणि साखर दोन्ही. घरी सोडताना डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन बजावलं होतं, की असं दुखणं पुन्हा आलं तर यांच्या छातीला झेपणार नाही, थंडीच्या आत फ्लूची लस द्या. खाजगीत ती परवडणारी नव्हती. आता गावातल्या सरकारी दवाखान्यात साखर-बीपीवाल्यांना ती फुकट मिळतेय, असं आशाताई घरी येऊन सांगून गेली. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “मला काय धाड भरलीय?” एवढं म्हणून ते गोठ्याकडं चालते झाले.

मग बाई एकट्याच गेल्या. आधी आपण घेऊन बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. लस देणाऱ्या महेश्वरी सिस्टरसमोर त्या खुर्चीत बसल्या न बसल्या तोच चौकशी सुरू. यात असतं काय? ही दरसाल कशाला घ्यायची? लहानपणी दंडावर टोचलेल्या देवी तर जन्माला पुरल्या. सिस्टर धीराची. तिनं सांगितलं, की फ्लूचा विषाणू वरचेवर रूप पालटतो, म्हणून लसही नवी करावी लागते. बाईंना ते लगेच पटलं. हरभऱ्यावरच्या अळीला मागल्या साली मारलेलं औषध यंदा लागू पडत नाही, हे त्यांनी रानात पाहिलं होतं. “मग द्या,” त्या म्हणाल्या, आणि सुई दंडात शिरताना मान वळवून नीट बघून घेतली.

घोटाळा झाला तो घरी आल्यावर. बाईंनी सगळं विचारलं होतं, फक्त पथ्य विचारलं नव्हतं, कारण ते आपल्याला येतंच असं त्या धरून चालल्या. त्यांच्या लहानपणी पोरांना देवी टोचल्या की घरात फोडणी बंद, तळण बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा आणि परक्या माणसाला आत येणं नाही. तेलाचा वास देवीला खपत नाही, असं त्यांची आई सांगायची. टोचणं म्हणजे टोचणं, मग ते कशाचं का असेना. बाईंनी चौकटीला लिंब खोवला आणि मोहरीचा डबा फळीवर चढवला.

अण्णांच्या ताटात फिकं वरण आलं. दुसऱ्या दिवशी तेच, पुढं दहीभात. ठेच्याशिवाय ज्याच्या घशाखाली भाकर उतरत नाही, अशा माणसानं खरं तर थाळी आपटायला हवी होती. अण्णा हूं की चूं न करता जेवत होते. दाराशी आलेल्या शेजारणीला त्यांनीच हात करून परत फिरवलं. रानात जायचं सोडून ते ओट्यावर बसून राहू लागले. मालकाला झालंय तरी काय, याचं बाईंना कोडं पडलं.

इकडं त्यांचा दंड दुखायचा थांबला, पण फोड येईना, ताप येईना. लस अंगाला लागलीच नसेल तर? त्या पुन्हा सिस्टरकडं गेल्या. पथ्याची हकिकत ऐकून महेश्वरी सिस्टर पोट धरून हसली. या लशीला फोड नाही, खूण नाही, कुणाला जराशी कणकण येते इतकंच, आणि खाण्यापिण्याचं पथ्य मुळीच नाही, असं तिनं समजावलं. बाईही हसतच घरी आल्या. दारावरचा लिंब काढून टाकला आणि कढईत तेल ओतलं.

मोहरी तडतडली तसे अण्णा लगबगीनं आत आले. बरी झालीस का, असं विचारायला लागले. बाईंनी आपला खुळेपणा सांगून टाकला. आजार कसला नव्हताच, पथ्य उगाच धरलं. आता फिक्या वरणाचा राग निघणार, असं त्यांना वाटलं.

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या लहानपणी देवीच्या साथीत ज्या दाराला असा लिंब दिसायचा, त्या घरातलं माणूस कधी उठायचं, कधी उठायचं नाही. लशीनं बाईंच्या अंगात तसलंच काही शिरलंय, अशी त्यांची समजूत झाली होती. विचारायची छाती होईना. म्हणून ते रात्रभर जागून, बाईंच्या नाकापाशी हात धरून श्वास बघत होते.

“डोळ्याला डोळा न्हाय लागला माझा,” अण्णा म्हणाले. “मागल्या थंडीत दवाखान्यात तू अशीच बसलीस व्हय?”

“व्हय,” बाई म्हणाल्या. “लई दिस.”

अण्णा भिंतीला हात टेकून उठले. “मग आता पुन्यांदा न्हाय बसायचं,” ते म्हणाले, आणि आमटी उतरायच्या आत सदऱ्याची बाही दंडावर सारून दारात उभे राहिले.