एका चिठ्ठीवर चार गोळ्या

नेवाशात, नदीकडच्या गल्लीतल्या गोजरबाईला दुसऱ्यांच्या पोटांची भारी काळजी. कुणाकडे काय शिजलं आणि ते कुणाला बाधलं, हे तिला शिजवणारीच्या आधी कळायचं. अशा बाईच्या घरात राहून तिच्या सुनेनं, धनश्रीनं, एक गोष्ट लपवून ठेवली होती.

तिला दिवस गेले होते. आदल्या वर्षी, त्र्याण्णव साली गेले, तेव्हा तिनं लगेच सासूला सांगितलं, सासूनं गल्लीला सांगितलं, आणि पंधरवड्यात सगळं संपलं. मग बायका येऊन दृष्ट नेमकी कुणाची लागली असेल, यावर चहा पीत बसल्या. या खेपेला धनश्रीनं ठरवलं, तिसरा महिना सरेपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही. पण घरात विटाळ कडक. म्हणून पाळीची तारीख आली तशी ती पडवीत गोणपाट टाकून चार दिवस बाजूला बसली. खोटी. गोजरबाईनं गुडघ्यांना शिव्या देत भाकरी थापल्या, संशय मात्र घेतला नाही.

त्यानंतर तिच्या नवऱ्याला, सूर्यभानला, जंत झाले. दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, "ही फक्त तुझी. घरात आणखी कुणाला द्यायची तर आधी मला विचारायचं. पाळी चुकलेल्या बाईनं तर विचारल्याशिवाय तोंडातच घालायची नाही." सूर्यभान खिडकीतून बाहेरची मोटारसायकल न्याहाळत होता. धनश्रीनं अक्षर न् अक्षर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तीच चिठ्ठी मेडिकलात दाखवून आणखी तीन गोळ्या आणल्या. सगळ्या घरानं घेतली म्हणजे जंताला जागाच उरत नाही, हा तिचा कायदा. सासरे सहादेव यांनी मुकाट चावली. गोजरबाईनं स्वतः घेतली. तिसरी धनश्रीच्या तळहातावर आली.

"आत्या, माझा आज मंगळवार हाय."

"कवापासून?"

"आजपासून."

"गोळीला उपास आडवा येत न्हाई. चावून खा, गोड हाय."

"डॉक्टर म्हनले, बायांनी इचारून घ्यावी."

"मेडिकलवाल्यानंबी इचारलं मला, घरात पोटुशी कुनी हाय का. म्हनलं, न्हाई बाबा. तू आत्ता पंधरा दिसांमागं बाजूला बसलीवतीस की. भाकरी मीच थापल्या."

सुटायची एकुलती वाट तिनंच त्या चार दिवसांत बुजवली होती. सांगावं, तर गेल्या वर्षासारखी गोष्ट दाराबाहेर पडणार. गप्प राहावं, तर गोळी आत जाणार.

"आ कर," गोजरबाई समोर फतकल मारून बसली.

गोळी जिभेवर गेली आणि विरघळायला लागली. धनश्रीनं ती गालात सरकवली. तोंडात लाळ भरत चालली होती, आणि सासू काही हलत नव्हती. शेवटी धनश्री उठली, मोरीकडे धावली, थुंकली, भराभर चुळा भरल्या.

"मी खोटी बसले हुते," मोरीच्या कठड्याला धरून ती म्हणाली. "दुसरा म्हयना चाललाय."

सहादेव चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले. दारात उभा असलेला सूर्यभान तिथंच खाली बसला.

"चार दिवस," गोजरबाई सावकाश म्हणाली, "चार दिवस माझ्याकडनं भाकरी थापून घेतल्यास." मग तिचा आवाज एकदम उतरला. "गिळलीस का गं?"

"न्हाई."

"थोडीबी?"

"ठावं न्हाई, आत्या."

गोजरबाईनं पदर खोचला, सुनेचं मनगट धरलं आणि दवाखाना गाठला. तिथल्या बाकावर तिनं मनगट सोडलं नाही, आणि शेजारच्या बाईला काय होतंय तेही विचारलं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, धनश्रीला तपासलं. "लगेच थुंकलीस, चुळा भरल्यास. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण आता दर महिन्याला ये, आणि कुठलीही गोळी मला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस." मग गोजरबाईकडे वळले. "चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?"

"मला वाचता येत न्हाई."

"विचारता येतं ना?"



परतताना गल्लीच्या नळावर पाणी भरणाऱ्या आक्काबाईनं हटकलं, "सासू-सुना दवाखान्यातनं? काय इशेष?"

धनश्रीची पावलं अडखळली. गेल्या वर्षी बातमी गल्लीभर फिरली, ती याच नळावरून.

"इशेष काय," गोजरबाई थांबून म्हणाली. "मला जंत झालेत, लई. दाखवू का?"

आक्काबाईनं हंडा दुसरीकडे सरकवला.