मिरचीच्या देठाचं विरजण

ताटात दही वाढलं की बळवंत मास्तर आधी हात जोडायचे. "लेकरांनो, तकलीफ माफ करा," असं वाटीला म्हणायचे आणि मग एका घासात लाखो जीवांचा फडशा पाडायचे. निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या शाळेत ते उर्दूतून विज्ञान शिकवत आणि मी गणित. त्यांच्याच घरात माझी भाड्याची खोली असल्यामुळे हे नाटक मला रोज फुकटात बघायला मिळे.

त्यांच्याकडे हैदराबादेहून आणलेला जुना सूक्ष्मदर्शक होता. दह्याच्या निवळीचा थेंब त्याखाली ठेवला की बारीक मण्यांच्या माळा दिसत. "दुधातली साखर खाऊन राहिले बघा," मास्तर कौतुकानं म्हणत. "त्यांनी खाल्ली की दूध आंबतं अन् बसतं."

एकदा हे जंतू किती उष्णता सोसतात ते बघायला त्यांनी घरातल्या सगळ्या विरजणाचा गडू गरम पाण्यात ठेवला, चुलीवर. मग मला समजावण्यात असे रंगले की पाणी खळखळून उकळलं. लेकरं संपली. मी हसलो, पण मास्तरांच्या बायकोचा, वहिनींचा चेहरा बघून हसू आवरलं.

ते विरजण वहिनींनी लग्नात औंढ्याहून, माहेरून आणलेलं. बावीस वर्षं एक दिवस न मोडता चालवलेलं. आता त्यांची आई नव्हती, माहेरी दुभतंही उरलं नव्हतं. आणि पंधरा दिवसांनी त्यांची लेक शांता तेच विरजण घेऊन सासरी जायची होती.

"शेजारून आणू का थोडं?" मास्तर म्हणाले.

"शेजारची लेक न्हाई जाऊन राहिली," वहिनी म्हणाल्या. "माझी जाऊन राहिली."

मास्तरांनी परसातल्या मिरच्यांचे देठ खुडून कोमट दुधात टाकले. विरजण नसलं की आमच्याकडं असंच करतात. पण पहिल्या दिवशी निघालं त्याला नुसती तार सुटत होती. त्यातलं चमचाभर त्यांनी नव्या दुधात घातलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं पुन्हा नव्या दुधात.

"देठावरच्या जंतूंना दूध खायला शिकवणार कोण?" मी विचारलं.

"कोणीच न्हाई. माणसानं गाय पाळायच्या आधी दह्याचे जंतू तरी कुठं होते? असेच पानादेठावर असतील. दुधात पडले. ज्याला ती साखर पचली त्याची लेकरं वाढली, बाकीचे मागं पडले. पिढी घटकाभराची. आपल्या शाळेपेक्षा बरं, नापास झालेला पुन्हा त्याच वर्गात बसत न्हाई."

वहिनी रोज सकाळी बोटानं चाखत. "वहाण भिजवली काय यात?" पाचव्या दिवशी, "आंबलंय. दही न्हाई."

दहाव्या दिवशी मला राहवेना. शेजारचं वाटीभर दही उपरण्याखाली लपवून आणलं. "टाका यातलं. कोणाला कळतंय?"

"मला कळंल," मास्तर म्हणाले. "लेकीला चोरी बांधून देऊ व्हय?"

ते दही मी जिन्यात बसून खाल्लं. चांगलं होतं.

तेराव्या दिवशी दही बसलं. चमच्यानं सरळ कापलं गेलं. वहिनींनी चाखलं, थांबून पुन्हा चाखलं. "आईच्यासारखं न्हाई," त्या म्हणाल्या आणि गडू भरून वर फडकं बांधू लागल्या.

निघायच्या दिवशी शांतानं विचारलं, "सासूबाईंनी विचारलं कोणाकडचं, तर काय सांगू? आजीकडचं?"

"खोटं काहून सांगती?" वहिनी म्हणाल्या. "सांग, तुझ्या बापाकडचं हाय."

मास्तर कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होते. बैलगाडी वळणाआड गेली तरी पुसतच होते.