पेनड्राइव्हला हळदकुंकू

प्रमुख पाहुण्यांनी कुंकवाचं बोट थेट पेनड्राइव्हच्या धातूच्या तोंडावर टेकवलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. नवीन ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो, आमच्या टेंभुर्णीत पूजेशिवाय काही चालू होत नाही, हे मला मान्य आहे. पण ट्रॅक्टरच्या तोंडात कुंकू गेल्याने काही बिघडत नाही. इथे चांदीच्या ताटात, विड्याच्या पानावर, लाल फीत बांधून ठेवलेल्या बोटभर वस्तूत माझ्या आत्याचा आवाज होता. आणि त्याची दुसरी प्रत कुणी काढली नव्हती.

आत्या लग्नात विहिणीला शिव्या देणारी गाणी म्हणायची. त्यात विहिणीच्या नाकापासून तिच्या गाडीच्या चाकापर्यंत काही सुटायचं नाही. ती मांडवात येऊन बसली की समोरच्या बायका पदर सावरून ऐकायला सरसावत. एका लग्नात ती आजारपणामुळे गेली नाही, तर वरमाई रुसली. आम्हाला साध्या शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, म्हणजे आमची काही किंमतच नाही, असं तिचं म्हणणं.

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. जालन्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, पुढच्यांनी सांगितलं की जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. आत्याने ते ऐकून घेतलं आणि दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच्या सकाळी ओसरीवर बसून येतील तेवढी गाणी म्हणून टाकली. तिचा मुलगा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, मोबाइलवर शूटिंग करत होता. तो गावातल्या बहुतेक समित्यांचा अध्यक्ष आहे. मी त्याला दादा म्हणतो, बाकीचे अध्यक्ष म्हणतात, आणि त्याला दुसरं जास्त आवडतं.

ऑपरेशन झालं. आत्या घरी आली ती गळ्याला रुमाल बांधून, हातांनी बोलत. दादाने ठरवलं की या गाण्यांचं लोकार्पण करायचं. 'शिव्या' हा शब्द पत्रिकेत शोभत नाही म्हणून त्याने 'लोकसंस्कृतीचा अनमोल ठेवा' असं छापलं. ठेवा ठेवायला त्याने पेनड्राइव्ह आणला वडीगोद्रीहून. एका लग्नाहून परतताना हायवेवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या टपरीवर त्याला तो स्वस्तात मिळाला होता. वर सोनेरी अक्षरात 'दोन टेराबाइट' लिहिलेलं. दादा ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, एका प्रतीवर विश्वास ठेवायची सवय नाही. म्हणालो, अजून एका ठिकाणी उतरवून ठेव.

"दोन टेराबाइट हाय बाबा," तो म्हणाला, "अख्ख्या तालुक्याच्या म्हाताऱ्या मावतील याच्यात."

तर त्या ताटाभोवती आता नारळ फुटला. पाण्याचे शिंतोडे विड्याच्या पानावर आले. मी दादाच्या कानात म्हणालो की हे पुसून घे. तो हसत, ओठ न हलवता म्हणाला, "शास्त्र हाय. गप बस."

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. दिवा लागला. पडद्यावर गाण्यांची यादी उमटली, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा आकार. यादीलाच टाळ्या पडल्या. पाहुणे ठेव्याविषयी बरंच बोलले, त्यांना तो ठेवा नक्की कशाचा हे ठाऊक नसावं. समोर पहिल्या रांगेत आत्या नव्या शालीत बसली होती, ताठ. मग दादाने स्वतः एक गाणं निवडून बटण दाबलं.

काही वाजलं नाही. दुसरं दाबलं. तिसरं. पडद्यावर काळा चौकोन, स्पीकरमध्ये नुसती घरघर. आत्याने एक हात उचलून कानामागे धरला. तिला वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाही.

जेवणाच्या पंगतीत निकाल लागला, तो असा की कुंकू आत गेलं. काहींच्या मते नारळाचं पाणी. पाहुणे हात धुऊन लवकर निघाले. मी दादाला म्हणालो, जाऊ दे, मोबाइलमधून परत घेऊ. दादाने हातातला घास परत ताटात ठेवला.

"मोबाइल रिकामा केल्ता मी," तो म्हणाला. "आजच्या शूटिंगला जागा पाह्यजे म्हणून."

आईच्या आवाजाच्या जागेवर आता पाहुण्यांचं भाषण बसलं होतं.

मी पेनड्राइव्ह घरी आणला, जुन्या टूथब्रशने साफ केला, उन्हात ठेवला. कुंकू निघालं, गाणी आली नाहीत. मग इंटरनेटवर शोधून वाचलं तेव्हा दुसरा धक्का बसला. कुंकवाचा काही दोष नव्हता. असे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात, वर दोन टेराबाइट, आत चिमूटभर जागा. ती भरली की पुढचं सगळं हवेत जातं, पण यादीत नाव मात्र लागतं, आकारासकट. दिसायला सगळं बराबर. आमच्या समित्यांचा कारभार जवळून पाहिलेला असूनही मला हे आधी सुचलं नाही, याचं नवल वाटलं. पूजेच्या कितीतरी आधी, उतरवतानाच गाणी गेली होती.

पण चिमूटभर का होईना, जागा होती. जे सगळ्यात आधी भरलं ते शाबूत असायला हवं. मी यादीतली पहिली फाइल उघडली, आणि ती वाजली.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन आत्याच्या ओसरीवर गेलो. दादा खांबाला टेकून बसला होता, पुढ्यात चहा होता, त्यावर साय धरलेली. गावागावातून कालपासून फोन येऊन राह्यले, सगळे तेच विचारतात, असं काहीसं तो मला सांगू लागला. मी बटण दाबलं.

ते गाणं नव्हतं. शूटिंग चालू होतंय का हे बघायला दादाने केलेला पहिला प्रयोग होता तो. चित्र हलतंय, कोंबडी ओरडतेय, आणि मग आत्याचा आवाज, खणखणीत, जुना:

"अध्यक्ष, तोंड काय बघून राह्यला माझं? चहा निवून चाल्ला. आधी पी, मंग भर तुझ्या डबड्यात माझा गळा. विहीण पळून न्हाई चालली कुठं."

एवढंच. इतक्या गाण्यांतून एवढंच उरलं होतं.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी लॅपटॉप मिटायला गेलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. ती हसत होती, आवाजाशिवाय. बोट गोल फिरवून तिने खूण केली, परत लाव. मी परत लावलं. दादा खाली मान घालून बसला होता.

तिसऱ्यांदा वाजून झाल्यावर आत्याने दादाच्या पुढ्यातली कपबशी बोटाने त्याच्याकडे सरकवली आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. दादाने कप उचलला आणि तो गारढोण चहा सायीसकट शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.