मुरमावरची आणि ओढ्याकाठची

परवा कॉलेजच्या कपाटातून वाळवलेल्या झाडांचे जुने नमुने काढले. डांबरगोळ्यांचा वास आला आणि जतजवळचं ते माळरान डोळ्यांपुढं उभं राहिलं.

वीसेक वर्षांपूर्वी मी सांगलीहून विद्यार्थी घेऊन तिथं गेले होते. गवतात एकच गुलाबी फूल सगळीकडं डुलत होतं. पण मुरमावर पानं अरुंद, ओढ्याकाठी चांगली रुंद. "या दोन वेगळ्या उपजाती," मी ऐटीत सांगितलं.

शेळ्या चारणारी एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "आवं बाई, दोनी एकच हायती. हितलं बी वड्याकडं पडलं की पान रुंद हुतंय. मी ल्हानपणापासनं बघतीया."

"मावशी, तुम्ही शेळ्या बघा, झाडांचं आम्ही बघतो."

मुलं खो-खो हसली. म्हातारी स्वतःची पाण्याची बाटली पुढं करून म्हणाली, "ऊन लय हाय, पानी पिऊन जावा." टँकरचं, जपून ठेवलेलं पाणी. मी ते प्यायलेसुद्धा.

यंदा दोन्हीकडचं बी आणून एकाच मातीत लावलं. सगळी पानं सारखीच आली. परवा मी लेबलांवरची उपजातींची नावं खोडत होते, तेव्हा शेजारच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, दोन्ही एकच असतील हे तुम्हाला सुचलं कसं?"

"निरीक्षणातून," मी म्हणाले. माझे कान तापले.

तिनं तो शब्द वहीत लिहून घेतला, आणि मी लिहू दिला.