पंच क्रमांक दोन

विश्वनाथ राणे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळं आमली गाव म्हणायचं. सरकारी शाळेतले हेडक्लार्क. अशा माणसाची सही कुठेही खपते. जमीन खात्यातला ओळखीचा कारकून त्यांना चहा पाजायचा, कागद पुढे सरकवायचा, "साहेब, साक्षीला तुम्हीच पंच!" राणे न वाचताच सही ठोकायचे. त्यांना तो मान वाटायचा, घ्या!

चिमाबाईचं वांग्याचं शेत गावाच्या कडेला होतं. नवरा सुकदेव खानदेशातून येऊन कारखान्यात राबला, तेव्हा कुठे हा तुकडा झाला. राण्यांनी तिच्या नातीचा शाळाप्रवेश सोपा केला, तेव्हापासून ती त्यांच्या दारात भरताची वांगी आणून टाकायची.

एका सकाळी वांग्यांबरोबर कागदही आला. "साहेब, हे वाचा बरं. वकील म्हने, रस्त्यासाठी ताबा घेतल्याचा पंचनामा झाला, म्हंजे कायद्यानं जमीन गेली. आनि मी तं रोज तठेच आहे!"

राणे मोठ्यानं वाचू लागले. 'तेरा जानेवारी रोजी पंचांसमक्ष जागेवर जाऊन ताबा घेतला. जमीन मोकळी. पीक नाही. कोणी हजर नाही.' खाली पंच क्रमांक दोन, आणि त्यांचीच वळणदार सही. तिथेच ते वाचायचे थांबले.

तेरा जानेवारी म्हणजे भोगी. त्या दिवशी भोगीच्या भाजीसाठी चिमाबाईनंच टोपलीभर वांगी आणली होती. बायकोनं, उषाताईंनी, भाजी केली, राण्यांनी दोनदा वाढून घेतली. आणि दुपारी चहाच्या टपरीवर बसून 'पीक नाही' खाली सही केली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्मा बदलायला झालाय, असं सांगून सुटावं, हेही मनात येऊन गेलं, आणि त्याची आणखीच लाज वाटली.

"दुसरा पंच कोन?" चिमाबाईनं विचारलं.

"मीच."

"मंग मी दिसली नाही का तुम्हाले? दिवसभर तं शेतातच होती."

"मी आलोच नव्हतो, चिमाबाई." नोकरीवर बेतणार, हे त्यांना कळत होतं. तरी मान खाली घालून ते म्हणाले, "कोर्टात सांगेन तसं."

चिमाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कागद उलटा करून कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली.

"तोंडी नको, साहेब. लिहून द्या. आनि सही कराच्या आधी एक डाव वाचा."