नावासकट परत केलेला आहेर

बाजारात त्याला सगळे सुतारपक्षी म्हणायचे. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी एक स्टूल, एक दिवा आणि हातात विजेवर चालणारी कोरणी. दिवसभर टरर्र टरर्र. लोक भांडं घेत, पायरी उतरत आणि त्याच्याकडून नाव घालून घेत. एकतीस वर्षांत त्याने निम्म्या गावाची नावं त्यांच्या आईबापांपेक्षा जास्त वेळा घेतली असतील. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की कोरणी वर धरून म्हणायचा, "कागद चुकला तर फाडता येतो, साहेब. भांडं चुकलं तर जन्मभर त्यात जेवावं लागतं. नाव परत एकदा सांगा."

असा हा सावध माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात मात्र वाहवत गेला. आहेराची भांडी लग्नाआधीच घरी यायला लागली, तसा हा रोज संध्याकाळी मांडी ठोकून बसायचा आणि काठाखाली मुलीचं नाव, शेजारी होणाऱ्या जावयाचं नाव आणि खाली लग्नाची तारीख घालायचा.

बायको म्हणाली, "अहो, लग्न तर लागू दे."

"लागेलच की! मग पाहुण्यांच्या गर्दीत वेळ कुणाला?"

त्रेचाळीस भांडी झाली. अक्षर असं, की छापल्यासारखं.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना मुलाच्या काकांचा फोन आला. मुलाच्या मनाची तयारी नाही म्हणे. बोलणं दीड मिनिटात आटोपलं. त्यातलं एक मिनिट काका नुसते खोकत होते.

लग्न मोडलं की आहेर ज्याचा त्याला परत करायचा, हे त्या घरात कुणी शिकवायला नको होतं. वस्तू आली तशी गेली पाहिजे, कोरी करकरीत, आणि घरच्या माणसाने स्वतः नेऊन दिली पाहिजे. दुसऱ्याच्या हाती पाठवणं म्हणजे तोंड लपवणं. पण आता 'आली तशी' आणायची कुठून? सुतारपक्ष्याने दुकानाला दांडी मारली आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो नावं पुसत होता. स्टील घासलं की नाव जातं, पण जागेवर खळगा राहतो. वरून कितीही चकाकी आणा, उजेडात तिरपं धरलं की दिसतो तो दिसतोच.

पहिला डबा शेजारच्या टेलरचा. टेलरने डबा हातात घेतला, गोल फिरवला आणि काठाखाली अंगठा नेला. उसवलेली शिवण डोळे मिटून ओळखणारा अंगठा तो.

"नाव घातलं होतंस काय रे?"

"छे! कोराच होता."

टेलरने अंगठा काढून घेतला. "असू दे, असू दे," म्हणाला आणि डबा आत घेऊन गेला.

शिव्या परवडल्या असत्या. ते 'असू दे' सुतारपक्ष्याला परवडलं नाही.

घरी येऊन तो परातीला भिडला. मुलगी तेवढ्यात कामावरून आली. ती दवाखान्यात केसपेपर लिहायची. बापाचं अक्षर तिच्यात उतरलं होतं. लग्न मोडल्यापासून तिने एकही खाडा केला नव्हता आणि एकदाही रडली नव्हती. चप्पल काढता काढता तिने पाहिलं. त्या मुलाचं नाव साफ गेलं होतं आणि तिच्या नावाची दोन अक्षरं उरली होती.

"बाबा, त्याचं घासलंत ते ठीक. माझं कशाला?"

"अगं, लोकांच्या घरात तुझं नाव..."

"मी काय केलंय, म्हणून पुसताय?"

आई आतून म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच करतायत ना! उद्या दुसरं स्थळ आलं आणि कुणाच्या घरी त्यांना हे दिसलं तर?"

"तर विचारतील. मी सांगेन." तिने बापाच्या हातातला कागद काढून घेतला. "उरलेली भांडी मी नेते. नावासकट."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही घासून नेलंत, तेव्हा काय म्हणाले?"



रविवारी सकाळी दोघं निघाले. ती पुढे, तो पिशवी घेऊन मागे. पहिलं घर त्याच्या धाकट्या बहिणीचं, तिसऱ्या मजल्यावर.

"अगं बाई, तू कशाला आलीस? दादा, हिला कशाला आणलंस?"

"आहेर परत करायला आले, आत्या."

आत्याने पातेलं हातात घेतलं. दोन नावं, खाली तारीख. ती तारीख अजून उजाडायची होती, परवाची होती.

"यावर तर तुझं नाव आहे गं. मी काय करू याचं?"

"दूध तापव."

आत्याला हसू फुटलं, मग तिचं तिलाच कसंतरी झालं. तिने पदराने पातेलं पुसलं, फळीवर जागा केली आणि नाव भिंतीकडे करून ते ठेवलं. हे सगळं तिने फार मायेने केलं. मुलगी बघत होती.

"येते, आत्या."

एक मजला ती ताठ उतरली. दुसऱ्या जिन्याच्या मधोमध मात्र खाली बसली, भिंतीला डोकं टेकून, तोंडावर हात दाबून. वर येणारा दूधवाला अंग चोरून बाजूने गेला. सुतारपक्षी दोन पायऱ्या वर तसाच उभा राहिला. पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा, एवढंही त्याला सुचेना.

"पिशवी खाली ठेवा, बाबा," ती तोंडावरचा हात न काढता म्हणाली. "फार वाजतेय."