दोन कॅनचं एक केलं

हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. आजोबांना तर नाहीच — आणि आता ते नाहीत.

कुरुळीच्या शेतावरची जुनी चेनसॉ आठवते का तुम्हाला? ती दत्ताआजोबांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या हातात शोभायची. वादळात रस्त्यावर झाड आडवं झालं की गाव त्यांनाच हाक मारायचं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम मात्र माझं, कारण तिची पुस्तिका इंग्रजीत. नव्या करवतींना लिटरला वीस मिली टू-स्ट्रोक तेल पुरतं. आपल्या जुनीला चाळीस लागायचं. कमी पडलं की इंजिन आतून कोरडं. मी मापाने मोजून घालायची. चूक माझी असेल, हे कुणाच्या मनात तरी कसं येणार?

पण मला अर्धवट भरलेल्या वस्तू बघवत नाहीत. एकदा शेड आवरताना दोन अर्धे कॅन दिसले. एकात मिश्रण, दुसऱ्यात स्कूटरचं साधं पेट्रोल. मी दोन्हींचं एक केलं, कॅन पुसला, जागेवर ठेवला. तेल कमी पडेल, हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. नंतर घालू म्हटलं — आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी भावजींनी त्याच कॅनमधून टाकी भरली. बाभूळ अर्धी कापून झाली आणि करवत किंचाळून बंद पडली. पिस्टन जाम. आजोबा सगळ्यांसमोर ओरडले, "दत्त्या, साधं पेट्रोल ओतलंस ना? डोळे फुटले होते का?"

"न्हाई वो दादा, कॅनातलंच वतलं."

मी तिथेच होते, हातात चहाचा ट्रे घेऊन. मला सगळं कळलं होतं. मी कप वाटले.

पुढे आजोबांनी नवी करवत आणली, पण भावजींना तिला हात लावू दिला नाही. गावानेही हाक मारणं सोडलं. वादळानंतर ते ओट्यावर बसून लांबून दुसऱ्याची करवत ऐकत राहायचे. मी कुणाला भीत होते? आजोबांना? नाही. ही कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे — ते मला सोडवत नव्हतं. तेवढ्यासाठी इतकी वर्षं.

गेल्या रविवारी कुरुळीला गेले आणि सांगून टाकलं. भावजी पावट्याच्या शेंगा सोलत होते. हात थांबले. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "वैनी, समदे म्हनत हुते... मग मलाबी वाटाय लागलं, माझ्याच हातनं झालं आसंल." आणि एकदम आत तोंड करून माझ्या जावेला ओरडले, "अगं ए, ऐकलंस का? ते मी न्हाई!"

मी माफी मागितली. त्यांनी दिली की नाही, ते विचारलं नाही. परतताना बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की पिंपळे गुरवचा स्टॉप मागे गेला. उन्हातून चालत घरी आले, आणि खरं सांगू? अंग हलकं वाटत होतं.

करवत मी बिघडवली. दोष त्यांच्या माथी राहू दिला. तुम्हाला हे माझ्याकडूनच कळावं, एवढंच.